निरुपयोगी तबकड्यांतील प्लॅस्टिक : बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने एक विचार

इ.स. २००७ मध्ये मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी तबकड्या २८ रुपयांना आणि डीव्हीडी तबकड्या ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा महाराष्ट्रातील लहान गावांतही तबकडी ही चैनीची वस्तू राहिली नाही. शेगावला येणारा यात्रेकरू भक्तिगीतांची तबकडी घेऊन परतू लागला, लग्नाचे चित्रण तबकडीवर मिळू लागले, शाळांना अभ्यासक्रमाच्या तबकड्या आल्या. विद्यापीठांतही पीएच.डी.च्या प्रबंधाची प्रत तबकडीवर सादर करण्याची रीत रूढ झाली. पुढे दूरध्वनीच्या हातसंचातच गाणी व चित्रपट मावू लागले आणि तबकडी वाजविणारी यंत्रेच घरांतून नाहीशी झाली. २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनी न्यायाधिकरणाच्या आदेशाने अवसायनात निघाली. तिच्या व इतरांच्या तबकड्या मात्र घरोघरच्या माळ्यांवर, कार्यालयांच्या कपाटांत आणि ग्रंथालयांच्या खणांत अद्याप पडून आहेत. काही ज्वारीच्या व मक्याच्या शेतांत पाखरे हाकण्यासाठी दोरीला टांगलेल्या दिसतात, तर काही बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे परावर्तक म्हणून खिळलेल्या आढळतात. उरलेल्या भंगारात जातात किंवा जाळल्या जातात.

ह्या तबकडीत असते तरी काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. तिचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर व मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. ह्या मापांवरून तिचे घनफळ सुमारे १३.४ घन सेंटिमीटर भरते, आणि तिच्या प्लॅस्टिकची घनता १.२० असल्यामुळे वजन १६ ग्रॅमच्या आसपास येते. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट होय. त्याच्या एका बाजूवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढविलेला असतो. त्याची जाडी ५० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून अधिक नसते. त्यावर काही मायक्रोमीटर जाडीचे रोगण आणि शेवटी छपाईची शाई असते. एका तबकडीतील ॲल्युमिनियमचे वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास भरते. एक टन वजनात सुमारे ६२,५०० तबकड्या येतात, व त्या सर्वांतील ॲल्युमिनियम एकत्र केले तर ते जेमतेम १२५ ग्रॅम होईल. थोडक्यात, तबकडीचा शंभरातील नव्व्याण्णव भाग एकाच जातीच्या निर्मळ प्लॅस्टिकचा असतो. भंगारात येणाऱ्या फारच थोड्या वस्तूंविषयी असे म्हणता येईल.

घरी लिहिता येणाऱ्या तबकड्यांची रचना किंचित निराळी असते. त्यांत रंगद्रव्याचा एक थर असतो आणि परावर्तक म्हणून बहुधा चांदीची मिश्रधातू वापरलेली असते. हा थर ८० नॅनोमीटर जाडीचा धरल्यास एका तबकडीत सुमारे आठ मिलिग्रॅम, व टनामागे सुमारे अर्धा किलो चांदी निघते. खामगावाला रजतनगरी म्हणतात. सराफाच्या दुकानातील केर गाळून त्यातील सोन्याचांदीचे कण वेचणारा झारेकरी ज्या गावाला ठाऊक आहे, तेथे ह्या आकड्याचे मोल सांगावयास नको. परंतु चांदीच्या तबकड्या ॲल्युमिनियमच्या तबकड्यांतून आधी निवडून काढल्या नाहीत, तर हे मोल मिश्रणात हरवून जाते.

पॉलिकार्बोनेटाचा इतिहास तसा जुना आहे. १८९८ मध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ह्या कुळातील पहिले पदार्थ बनविले होते, पण ते दीर्घकाळ प्रयोगशाळेतच राहिले. आज वापरात असलेले पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील डॅनियल फॉक्स ह्या दोघांनी परस्परांच्या नकळत शोधून काढले. बिस्फिनॉल-ए नावाच्या द्रव्याचे रेणू कार्बोनेट बंधांनी एकापुढे एक जोडले असता जी साखळी तयार होते, ती म्हणजे पॉलिकार्बोनेट. साखळी जोडण्यासाठी रूढ पद्धतीत फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू वापरावा लागतो. १९८४ मध्ये ज्या भोपाळच्या कारखान्यात दुर्घटना घडली, तेथील मिथिल आयसोसायनेटही फॉस्जीनपासूनच बनविले जात असे. तेव्हा जुने पॉलिकार्बोनेट पुन्हा वापरात आणणे म्हणजे तितके नवे पॉलिकार्बोनेट, आणि त्यासाठी लागणारे फॉस्जीन, वाचविणे होय. पुनरुपयोगाच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही.

साखळीची लांबी हा ह्या विषयातील कळीचा प्रश्न आहे. साखळीच्या एका कडीचा रेणुभार २५४ असतो. तबकडीवरील सूक्ष्म खाचा साच्यातून हुबेहूब उमटाव्यात म्हणून वितळलेले प्लॅस्टिक पाण्यासारखे पातळ वाहावे लागते, आणि त्यासाठी मुद्दाम आखूड साखळ्यांचे पॉलिकार्बोनेट घेतात. त्याचा सरासरी रेणुभार १८,००० धरला तर साखळीत सुमारे ७० कड्या झाल्या. उन्हाळ्यात जिल्ह्यातील गावोगाव पिण्याचे पाणी ज्या वीस लिटरच्या जारांतून विकले जाते, त्यांपैकी पॉलिकार्बोनेटाच्या जारांत ही साखळी बरीच लांब, म्हणजे ३०,००० च्या घरातील रेणुभाराची असते. जार आपटला तरी सहसा फुटत नाही. तबकडी वाकविली की कडकन मोडते, ह्याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणजे तबकडीचे प्लॅस्टिक मुळातच काठावर उभे आहे. शुद्धीकरणाच्या ओघात त्याची साखळी आणखी तुटली, तर हाती येणारा माल निर्मळ असूनही निकामी ठरतो.

आता शुद्धीकरणाची रीत पाहू. कारखान्यांतील एक प्रचलित रीत अशी आहे : तबकड्यांचे तुकडे करावयाचे आणि ते कॉस्टिक सोड्याच्या उष्ण, सौम्य द्रावणात घुसळावयाचे. अल्कली तुकड्यांच्या कडांतून रोगणाखाली शिरते आणि ॲल्युमिनियमला गाठते. ॲल्युमिनियम विरघळून हायड्रोजन वायू सुटतो, व आधार गेल्यामुळे रोगण आणि शाई पापुद्र्यासारखी निघून येते. पुढे तुकडे स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवितात. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, आणि म्हणूनच ती लहान उद्योजकाला मोह घालते.

बुलढाणा जिल्ह्याला अल्कली नवी नाही. लोणारच्या सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेले असून त्याचा सामू १० च्या जवळपास असतो. अबुल फजलाच्या आईने अकबरीत लोणारच्या परिसरात साबण व काच करण्यास लागणारी सामग्री सापडते अशी नोंद आहे. पुढील काळातही डल्ला, पापडी, भुस्की अशा नावांनी ओळखले जाणारे क्षार सरोवरातून काढण्याचा धंदा चालत असे. साबण बनविताना अल्कली तेलातील एस्टर बंध तोडते. पॉलिकार्बोनेटातील कार्बोनेट बंध हा त्याच बंधाचा नातलग आहे, आणि अल्कली त्यालाही सोडत नाही. ती ॲल्युमिनियम झपाट्याने खाते व पॉलिकार्बोनेट सावकाश खाते. धुण्याची सारी रीत ह्या दोन वेगांतील फरकावर उभी आहे. द्रावण अधिक तीव्र झाले, उष्णतामान चढले किंवा वेळ वाढला, की हा फरक संपतो आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून बिस्फिनॉल-ए सुटू लागते.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत १९९८ मध्ये उंदरांचे पॉलिकार्बोनेटाचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र अल्कलीयुक्त साबणाने धुतल्या गेल्या. त्यानंतर तेथील उंदरांच्या स्त्रीबीजांत गुणसूत्रांची वाटणी बिघडल्याचे दिसून आले. शोध घेता त्याचे कारण प्लॅस्टिकमधून सुटलेले बिस्फिनॉल-ए हे असल्याचे पॅट्रिशिया हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. हे द्रव्य शरीरात इस्ट्रोजेन ह्या स्त्री-संप्रेरकासारखे वागते. २०११ मध्ये युरोपीय संघाने लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्या वापरास बंदी केली. २०२३ मध्ये तेथील अन्न-सुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनिक सह्य मात्रा पूर्वीच्या मानाने सुमारे वीस हजार पटींनी खाली आणली.

तेव्हा तुकडे धुतल्यानंतर जे पाणी उरते, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. पर्यावरणाशी मैत्री करणारा पुनरुपयोग खरोखर तसा आहे की नाही, हे बहुतांशी येथेच ठरते. ह्या पाण्यात सोडियम, विरघळलेले ॲल्युमिनियम, शाईचे व रोगणाचे कण आणि थोडेबहुत बिस्फिनॉल-ए असते. आम्ल घालून अल्कली मारली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा साका बसतो, आणि बिस्फिनॉल-एचाही काही भाग घनरूपाने खाली येतो. पण सर्व येत नाही. ते एका लिटर पाण्यात शंभराहून अधिक मिलिग्रॅम विरघळून राहू शकते. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी म्हणजे निर्धोक पाणी, असा समज येथे घातक ठरेल. उरलेले द्रव्य क्रियाशील कोळशावर चांगले अधिशोषित होते. असा कोळसा पऱ्हाटीपासूनही तयार करता येतो, आणि कपाशीच्या ह्या जिल्ह्यात पऱ्हाटीला तोटा नाही. पण कोळशाने सोडियम मात्र निघत नाही.

जिल्ह्याच्या उत्तर भागात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांतून पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाण पट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारट आहे. जमीन काळी, चिकण आणि निचऱ्याला मंद असून तीत सोडियमचे प्रमाण आधीच जास्त आहे. सोडियमने मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, आणि वरच्या थराला घट्ट पापुद्रा धरतो. येथील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावयास नको. अशा भूमीवर कॉस्टिक सोड्याचे धुणे सोडणे म्हणजे आजाऱ्याला त्याच्याच आजाराचे कारण पाजणे होय. लोणारकडील बाजूस अडचण निराळी आहे. ते सरोवर बंदिस्त आहे. आत आलेले पाणी केवळ बाष्परूपानेच बाहेर जाते, आणि त्याबरोबर आलेले सर्व काही मागे राहते. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पाण्याच्या क्षारतेतील लहानसा बदलही तेथील सूक्ष्मजीवसृष्टी कशी पालटतो, हे सर्वांना दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवाय धुण्याला मुळात गोडे पाणी पाहिजे, आणि उन्हाळ्यात पिण्यासाठी जार विकत घेणाऱ्या गावांत ते कोठून आणावयाचे, हाही प्रश्न आहेच.

ह्यास्तव जिल्ह्यात ओल्या पद्धतीऐवजी कोरड्या पद्धतीचा विचार करणे अधिक इष्ट दिसते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये धातू व रोगण एका बाजूच्या अगदी पृष्ठभागावर असतात. त्या बाजूवरून ०.०५ मिलिमीटरचा थर फिरत्या घर्षणचक्राने खरवडून काढला, तर धातू, रोगण, रंगद्रव्य आणि शाई सर्वच जातात, आणि १.२ मिलिमीटरपैकी केवळ चार टक्के वस्तू खर्ची पडते. एका टनामागे सुमारे ४० किलो भुकटी उरते. ती हवेत न उडू देता पिशव्यांत भरून ठेवावी लागते, आणि काम करणाऱ्याच्या नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी लागते. परंतु ही भुकटी कोरडी व मोजकी असते, ती जमिनीत मुरत नाही, आणि लिहिण्याच्या तबकड्यांची भुकटी वेगळी ठेवल्यास तीतच चांदी सापडते. खरवडलेल्या तबकडीवरील नोंद वाचण्यापलीकडे जाते, हाही एक लाभच आहे. कार्यालयांच्या कपाटांतील तबकड्यांवर लोकांची नावे, पत्ते व छायाचित्रे आहेत, हे विसरून चालणार नाही.

डीव्हीडी मात्र ह्या पद्धतीला दाद देत नाही. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून बनविलेली असते, आणि धातू आत, मधोमध असतो. चकत्या आधी विलग कराव्या लागतात व नंतर प्रत्येकीची आतली बाजू खरवडावी लागते. चकती पातळ, म्हणून त्याच खोलीच्या खरवडण्यात दुप्पट, म्हणजे आठ टक्के, वस्तू जाते. सीडी व डीव्हीडी एकत्र न मिसळणे हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. तबकडीच्या कडेकडे पाहिले असता डीव्हीडीच्या जोडाची बारीक रेषा दिसते, तेवढी खूण निवडणाऱ्याला पुरते.

तबकडीची पारदर्शक पेटीही बहुधा तिच्याबरोबरच येते. ती पॉलिकार्बोनेटाची नसून पॉलिस्टायरीनची असते, आणि ह्या दोहोंचे मिश्रण वितळविले तर दोन्ही वाया जातात. दोहोंचे तुकडे मिसळलेच तर ते मिठाच्या पाण्याने वेगळे करता येतात. शंभर भाग द्रावणात सोळा भाग मीठ असले म्हणजे त्याची घनता १.११ ते १.१२ होते. १.०५ घनतेचे पॉलिस्टायरीन त्यात तरंगते, १.२० घनतेचे पॉलिकार्बोनेट तळाशी बसते. हे पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि वापरलेच पाहिजे. त्याची जागा शेतात नाही.

स्वच्छ झालेले तुकडे वितळविताना पाणी पुन्हा एकदा, पण निराळ्या रूपाने, आडवे येते. साच्यात भरण्यासाठी पॉलिकार्बोनेट ३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवावे लागते. त्या उष्णतेत पाण्याचा एक रेणू साखळीचा एक बंध तोडू शकतो. एक किलो प्लॅस्टिकमध्ये केवळ एक ग्रॅम ओलावा राहिला असे समजा. साखळ्यांचा संख्येने काढलेला सरासरी रेणुभार ९,००० धरल्यास त्या किलोत साखळ्यांचे ०.११ मोल असतात, तर एक ग्रॅम पाण्यात रेणूंचे सुमारे ०.०५६ मोल. प्रत्येक रेणूने एकेक बंध तोडला, तर साखळ्यांची संख्या दीडपट होईल आणि त्यांची सरासरी लांबी एक तृतीयांशाने घटेल. उघड्या पोत्यातले पॉलिकार्बोनेट पावसाळी हवेतून एवढा ओलावा सहज शोषून घेते. म्हणून तुकडे वितळविण्यापूर्वी १२० अंशांवर तीन ते चार तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली आणतात. कोरड्या पद्धतीचा आणखी एक गुण येथे ध्यानात येतो : जे भिजलेच नाही, ते वाळवावयास इंधनही कमी लागते.

ज्या तबकड्या शेतात टांगून राहिल्या, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी पॉलिकार्बोनेट पिवळे पडते व ठिसूळ होते. वऱ्हाडच्या उन्हात दोन उन्हाळे काढलेली तबकडी चांगल्या मालात मिसळणे म्हणजे एका नासक्या फळाने टोपली नासविणे होय. ती पाखरे हाकण्याच्या कामावर आहे तोवर तेथेच बरी.

आखूड साखळ्यांच्या ह्या मालाचे पुढे काय होते? त्यापासून पुन्हा तबकडी बनविण्याची गरज उरलेली नाही. लांब साखळ्यांचे पॉलिकार्बोनेट त्यात मिसळणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. १८,००० व ३०,००० रेणुभाराचे प्लॅस्टिक समभाग घेतले तर भारानुसार काढलेली सरासरी २४,००० होते, आणि तेवढ्यात विजेची बटणे, मोबाइलच्या चार्जरची आवरणे, दिव्यांची कवचे ह्यांसारख्या वस्तू घडू शकतात. हे लांब साखळ्यांचे प्लॅस्टिक जिल्ह्यातच आहे. तडे गेलेले पाण्याचे पॉलिकार्बोनेटी जार आज दहा प्रकारच्या प्लॅस्टिकबरोबर एकाच ढिगात पडतात. जपानच्या सोनी कंपनीने, जिने फिलिप्सबरोबर १९८२ मध्ये ही तबकडी जगापुढे आणली, २०११ पासून टाकाऊ तबकड्यांचे पॉलिकार्बोनेट आपल्या दूरचित्रवाणी संचांच्या भागांत वापरण्यास प्रारंभ केला. म्हणजे मिश्रणाची कल्पना कारखान्याच्या कसोटीला उतरलेली आहे.

साखळी रासायनिक रीतीने लांब करण्याचा मार्गही आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात पार पडला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. स्वामिनाथन शिवराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी फॉस्जीनशिवाय, आणि प्लॅस्टिक न वितळविता, घनावस्थेतच आखूड साखळ्यांची लांब साखळी करण्याची प्रक्रिया विकसित केली. डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक असताना ह्याच कामामुळे जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी प्रयोगशाळेच्या सहकार्यास आली. जुन्या तबकडीला ही प्रक्रिया जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिच्या साखळ्यांची टोके बनवितानाच बंद केलेली असतात. पण जलविच्छेदनाने तुटलेल्या साखळ्यांना नवी, उघडी टोके फुटतात, आणि तेथे संशोधनाला वाव आहे.

शेवटचा मार्ग म्हणजे साखळी पूर्णपणे सोडविण्याचा. पॉलिकार्बोनेटावर उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉलची क्रिया केली असता त्याचे बिस्फिनॉल-ए आणि डायमिथिल कार्बोनेट होते. २५४ ग्रॅम प्लॅस्टिक ६४ ग्रॅम मिथेनॉल घेऊन २२८ ग्रॅम बिस्फिनॉल-ए व ९० ग्रॅम डायमिथिल कार्बोनेट देते. कागदावर काहीही वाया जात नाही, आणि पिवळ्या पडलेल्या किंवा मिसळलेल्या तबकड्याही ह्यात चालतात. पण मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, ऊर्ध्वपातनाची सामग्री महाग आहे, आणि हाती येणारे बिस्फिनॉल-ए हे ज्याची वर एवढी भीती सांगितली तेच द्रव्य आहे. हे काम रासायनिक कारखान्याचे आहे, भंगाराच्या दुकानामागच्या शेडचे नव्हे.

जिल्ह्यात जे करता येण्यासारखे आहे ते ह्यामानाने साधे आहे. सीडी, डीव्हीडी, लिहिण्याच्या तबकड्या आणि पेट्या ह्यांचे चार वेगळे ढीग करावयाचे. सीडी खरवडून, तुकडे करून, कोरड्या व बंद पिशव्यांत भरावयाच्या. डीव्हीडी तशाच, न धुता, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था असलेल्या कारखान्याकडे पाठवावयाच्या. ६२ तबकड्यांचा एक किलो होतो. एका गावाच्या तबकड्यांत वाहतुकीचाही खर्च निघणार नाही, हे उघड आहे. म्हणून खामगाव किंवा मलकापूर ह्यांसारख्या, रेल्वे व महामार्गावरील एखाद्या ठिकाणी तालुक्यातालुक्यांचा माल एकत्र यावा लागेल, आणि शाळा, कार्यालये व ग्रंथालये ह्यांपासून प्रारंभ केल्यास एकाच वेळी, एकाच जातीच्या, उन्हात न पडलेल्या तबकड्या मोठ्या संख्येने मिळतील. पॅकबंद मालाच्या वेष्टनाच्या प्लॅस्टिकची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आहेत. तबकडी हे वेष्टन नव्हे, आणि तिचे अनेक उत्पादक आता अस्तित्वातही नाहीत.